तुम्ही स्वतः काय करता? पॅरिसच्या इतिहास मंडळातील एक प्रश्न आणि त्यामागची वीस वर्षे

#थ्रेड

१/ १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचे एक इतिहास मंडळ भरत असे. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा आणि घसा बसल्यावर घरी जायचे, असा त्याचा क्रम होता. या मंडळात एका पक्षाने एक वाद गमावला. वाद गमावलेल्या त्या तरुणांनी पुढे काय केले, त्याची ही हकीकत आहे. ती मुंबई, वसई आणि गोव्यापर्यंत कशी पोहोचते, हे शेवटी येईलच.

२/ प्रथम त्या काळचे शहर पाहू. जुलै १८३० च्या क्रांतीने दहाव्या चार्ल्सची गादी गेली आणि लुई फिलिप राजा झाला. कॅथलिक धर्मसंस्था जुन्या बूर्बों राजघराण्याच्या अगदी जवळची मानली जात असल्याने गादीवरचा राग तिच्यावरही निघाला. फेब्रुवारी १८३१ मध्ये जमावाने आर्चबिशपचा वाडा लुटून उद्ध्वस्त केला. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाने स्वतःला कॅथलिक म्हणवणे म्हणजे आपण कालबाह्य आहोत असे जाहीर करण्यासारखे झाले होते.

३/ त्यातच १८३२ च्या वसंतात पटकी आली. तिच्या प्रवासाचा आरंभ आपल्याकडचा. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेल्या पटकीने त्याच वर्षी, पेशवाईच्या अखेरच्या युद्धाच्या तोंडावर, लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत हाहाकार उडवला होता. पुढच्या लाटेत ती रशियामार्गे युरोपात शिरली. एकट्या पॅरिसमध्ये तिने १८ हजारांहून अधिक बळी घेतले. मृत्यू सर्वांत दाट होता तो कोंदट गल्ल्यांत, जिथे एका खोलीत एक कुटुंब आणि एका विहिरीवर अख्खी आळी जगत होती.

४/ याच शहरात, पटकीच्या काही महिने आधी, फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी कायदा शिकायला आला. जन्म २३ एप्रिल १८१३, मिलानचा, वाढला लिआँमध्ये. वडील नेपोलियनच्या सैन्यातून बाहेर पडून डॉक्टर झालेले आणि गरिबांकडून पैसे न घेणारे. आईही आजाऱ्यांच्या घरी जात असे. वय झाल्यावर दोघांनी एकमेकांना वचन दिले की चौथ्या मजल्यापेक्षा वर चढायचे नाही. आणि मग एके दिवशी दोघांची गाठ त्याच्याही वरच्या मजल्यावर, एकाच रुग्णाच्या दारात पडली, अशी आठवण त्या घराविषयी सांगितली जाते.

५/ आठवण थोडी गोड करून सांगितलेली असेल. पण मे १८३७ मध्ये वडील गेले ते एका गरीब रुग्णाकडे जाताना जिन्यावरून पडूनच. तेव्हाच्या युरोपीय शहरांत इमारतीच्या मजल्यांना सामाजिक अर्थ होता. खालच्या प्रशस्त मजल्यांवर श्रीमंत, आणि जसजसे वर चढावे तसतसे भाडे कमी व भाडेकरू अधिक गरीब. पायऱ्या चढणे हा शब्द या हकीकतीत अनेकदा येईल, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

६/ पॅरिसमध्ये ओझानामला राहायला जागा मिळाली ती आंद्रे-मारी अँपिअर यांच्या घरी. होय, विद्युतप्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच अँपिअर. त्या काळातला एक थोर वैज्ञानिक नियमाने प्रार्थना करतो, हे अठरा वर्षांच्या मुलाने रोज पाहिले. विज्ञान आणि श्रद्धा यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, असे त्याला पुढे कोणी पटवू शकले नाही.

७/ इतिहास मंडळ चालवत असत इमॅन्युएल बायी. चाळिशीला टेकलेले हे गृहस्थ एका कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक होते आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवत. मंडळ सर्व मतांना खुले होते. व्हॉल्टेअरचे चाहते, नास्तिक, फूरियेचे अनुयायी, सेंट सायमनवादी, कॅथलिक, सारेच येत. प्रत्येक विषय फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येई: ख्रिस्ती धर्माने इतिहासात माणसाचे भले केले की वाईट?

८/ सेंट सायमनवाद्यांविषयी थोडे सांगायला हवे. उद्योग, विज्ञान आणि श्रम यांच्या पायावर समाजाची फेररचना करावी आणि सर्वांत मोठ्या, सर्वांत गरीब वर्गाची स्थिती सुधारावी, हा त्यांचा विचार. तरुणांना त्याचे मोठे आकर्षण होते. ओझानामने लिआँमध्ये असतानाच, १८३१ साली, या विचारावर टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. वय वर्षे १८. म्हणजे या वादाची त्याची तयारी चांगली झालेली होती.

९/ आणि तरीही तो हरला. कॅथलिक विद्यार्थ्यांनी मध्ययुगातील इस्पितळे, मठ, शाळा, गुलामगिरीविरुद्धची धर्मवचने यांचे दाखले दिले. प्रतिपक्षाने दाखले नाकारले नाहीत. भूतकाळात तुमच्या धर्माने पुष्कळ केले, हे मान्य, असे ते म्हणाले. पण आज या शहरात, पटकीने उजाडलेल्या वस्त्यांत, तुम्ही स्वतः काय करता? तुमचा धर्म जिवंत आहे याचा पुरावा कुठे आहे?

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अडचणीत टाकणारा प्रश्न सुचणे कठीण. पूर्वजांच्या पुण्याईवर चालू काळाची उधारी फेडता येत नाही, हे प्रतिपक्षाने नेमके ओळखले होते. (हा प्रश्न केवळ कॅथलिकांपुरता आहे, असे कोणी समजू नये. कोणत्याही वैभवशाली परंपरेच्या अभिमान्याला तो विचारून पाहावा.)

११/ त्याच सुमारास ओझानाम आणि त्याचा मित्र ल तायांदिये यांनी हिवाळ्यासाठी ठेवलेली आपली उरलीसुरली लाकडे उचलून एका गरीब घरात नेऊन दिली, असे जुन्या चरित्रांत येते. ल तायांदियेला वादविवादाचा आधीच कंटाळा आला होता. भांडणे पुरेत, काहीतरी काम करू, असा त्याचा लकडा होता.

१२/ २३ एप्रिल १८३३. बायींच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सहा विद्यार्थी जमले: ओझानाम, ल तायांदिये, लालिये, लामाश, क्लावे आणि दव्हो. सातवे बायी स्वतः. तेच अध्यक्ष झाले. ओझानामचा तो विसावा वाढदिवस होता.

१३/ आता गंमत पाहा. या सहा जणांना गरीब माणूस कुठे भेटतो हेच धड माहीत नव्हते! कायद्याची आणि साहित्याची पुस्तके वाचणारी मध्यमवर्गीय मुले ती. बायींनी त्यांना एका धर्मभगिनीकडे पाठवले. सिस्टर रोझाली रांद्यू, ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या. या संपूर्ण हकीकतीतले सर्वांत महत्त्वाचे आणि बहुतेक वेळा एका ओळीत गुंडाळले जाणारे पात्र.

१४/ सिस्टर रोझालींचा जन्म १७८६ चा, फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील डोंगराळ भागातला. राज्यक्रांतीच्या काळात सरकारची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना आश्रय देणे हा गुन्हा होता, तेव्हा तिच्या घराने त्यांना लपवले. घरी कामाला ठेवलेला एक माळी प्रत्यक्षात वेषांतर केलेला बिशप आहे, हे त्या लहान मुलीला आपोआप उमगले, असे सांगतात. १८०२ साली ती पॅरिसला संघात दाखल झाली आणि मुफतार भागात काम करू लागली. ते काम मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, तिने सोडले नाही.

१५/ मुफतार म्हणजे पॅरिसच्या गरिबीचा तळ. चामडे कमावणारे, चिंध्या वेचणारे, मोलमजुरी करणारे यांची वस्ती. सिस्टर रोझालींनी तिथे दवाखाना, शाळा, पाळणाघर, म्हाताऱ्यांसाठी निवारा असे एकेक उभे केले होते. कोणत्या जिन्यावर कोण राहतो, कोणाचे काम सुटले, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कुटुंबांची यादी दिली, आणि सोबत पाव व सरपणाच्या चिठ्ठ्याही. कारण मुलांच्या निधीत अजून त्यापुरते पैसे नव्हते. मंडळाचा खजिनदार दव्हो याच कामासाठी त्यांच्याकडे गेला होता.

१६/ काय द्यायचे यापेक्षा कसे द्यायचे, हे त्यांनी शिकवले. चिठ्ठी दारात टेकवून परत फिरायचे नाही. आत जायचे, बसायचे, ऐकायचे. निकाल द्यायची घाई करायची नाही. बोलता बोलता माणूस काय सांगतो त्यातून त्याची खरी गरज कळते, आणि ती पुष्कळदा पावाची नसते. ही पद्धत नवी नव्हती. सतराव्या शतकात व्हिन्सेंट डी पॉल यांनी १६१७ पासून स्त्रियांची सेवामंडळे उभारली आणि १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्यासह ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ स्थापन केली, तेव्हापासून ती चालत आली होती. म्हणूनच १८३४ मध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या मंडळाला व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव दिले.

१७/ ओझानामच्या वाट्याला आलेले एक कुटुंब चरित्रकारांनी वर्णिले आहे. आई, पाच मुले, आणि दारू पिऊन मारझोड करणारा पुरुष. चौकशीअंती ओझानामच्या लक्षात आले की त्यांचे लग्न कायद्याने झालेलेच नाही. म्हणजे ती बाई त्याला बांधलेली नाही. त्याने तिला हे समजावले. ब्रिटनीतल्या तिच्या माहेरी जाण्यापुरते पैसे मंडळाने जमवले आणि दोन मोठ्या मुलांना बायींच्या छापखान्यात काम मिळाले. कायद्याचे शिक्षण असे एका खोलीत कामी आले.

१८/ येथे थोडे थांबून उलट बाजूही पाहिली पाहिजे. घरी येणाऱ्या या तरुणांना ‘येऊ नका’ म्हणण्याची सोय त्या कुटुंबांना कितपत होती? हाती चिठ्ठ्या असलेला पाहुणा साधा पाहुणा नसतो. तो खोली पाहतो, मुले शाळेत जातात का विचारतो, लग्न झाले आहे का विचारतो. एकोणिसाव्या शतकातील अशा गृहभेटींत आस्था आणि नजरकैद यांमधली रेषा पुसट होती, असे अनेक इतिहासकारांना वाटते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्याच ओघात हेही नोंदवावे, की मंडळाने आपल्या नियमांत भेटीला जाणाऱ्याने स्वतःला वरचढ समजू नये यावर वारंवार भर दिला. ज्या चुकीची सतत आठवण करून द्यावी लागते, ती होत असणारच.

१९/ मंडळाच्या पद्धती साध्या होत्या. दर आठवड्याला बैठक. भेटीला शक्यतो दोघांनी मिळून जायचे. बैठकीत राजकारण आणायचे नाही. आणि शेवटी टोपी फिरवायची: ज्याने त्याने मूठ आत घालून जमेल ते टाकायचे. कोणी काही टाकले की नाही, हे शेजाऱ्याला कळू नये. गरीब विद्यार्थी आणि सरदारपुत्र एकाच बाकावर बसू शकले, त्यात या टोपीचा वाटा मोठा होता.

२०/ यातला एकही संस्थापक धर्मगुरू किंवा व्रतस्थ नव्हता. सारे प्रापंचिक. कोणी वकिलीच्या वाटेवर, कोणी लिहिण्याच्या, पुढे लग्न करणारे, नोकरी शोधणारे. आज हे सामान्य वाटते. तेव्हा धार्मिक कार्य म्हटले की ते धर्मगुरूंनी आरंभायचे, हा संकेत होता. या मंडळींनी धर्मग्रामातील फादरांशी नाते ठेवले, पण कारभार स्वतःच्या हाती ठेवला.

२१/ सभासद शंभरावर गेले तेव्हा १८३४ च्या अखेरीस ओझानामने मंडळाची विभागणी करण्याचा प्रस्ताव आणला. मोठा कल्लोळ झाला. मैत्रीसाठीच तर जमलो होतो, आता वेगळे व्हायचे? काही जणांच्या डोळ्यांत पाणी आले. तरीही १८३५ मध्ये विभागणी झाली, आणि त्या विभागणीनेच संस्था वाढली: नीम, लिआँ, रोम, पुढे १८४४ मध्ये इंग्लंड व आयर्लंड, १८४५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस. नियमावली १८३५ च्या डिसेंबरात तयार झाली. तिचा मसुदा लालियेचा.

२२/ ओझानाम दरम्यान कायद्याचा आणि साहित्याचा डॉक्टर झाला. १८३९ चा त्याचा साहित्याचा प्रबंध दान्तेवर होता. लिआँमध्ये व्यापारी कायदा शिकवताना त्याने मजुरीचा प्रश्न हाताळला: मजुरी कामगाराच्या पोटापुरती असून भागत नाही, तीत मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद बसली पाहिजे. १८४१ मध्ये त्याने आमेली सुलाक्रोआ हिच्याशी विवाह केला, १८४४ मध्ये तो सॉर्बोनमध्ये परकीय साहित्याचा प्राध्यापक झाला. व्याख्याने, संसार, लहान मुलगी, नाजूक प्रकृती, आणि यांतून वेळ काढून ठरलेल्या घरांचे जिने.

२३/ या जिन्यांनी त्याला जे शिकवले ते त्याच्या पत्रांत उमटते. १८३६ मध्येच त्याने मित्राला लिहिले होते, की येणारा संघर्ष राज्यपद्धतींचा नसून ज्यांच्याकडे फार आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही यांच्यातला आहे. आणि ख्रिस्ती माणसाने त्या दोघांच्या मध्ये उभे राहावे. ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ निघायला तेव्हा १२ वर्षे अवकाश होता. पुढे १८४३ ते १८४५ या काळात कार्ल मार्क्स आणि ओझानाम दोघेही पॅरिसमध्येच राहत होते. दोघांनी पाहिलेली गरिबी एकच. काढलेले निष्कर्ष अर्थातच फार निराळे.

२४/ फेब्रुवारी १८४८. क्रांतीला काही दिवस उरले असताना ओझानामने एका लेखात कॅथलिकांना आवाहन केले, की आता ‘रानटी टोळ्यां’च्या बाजूला जाऊ या. हा शब्द ऐकून अनेकांना धक्का बसला. वास्तविक तो इतिहासाच्या अभ्यासकाचा दाखला होता. रोमन साम्राज्य ढासळल्यानंतर पोपसत्तेने बायझँटियमच्या सम्राटांकडे पाहणे सोडून फ्रँक टोळ्यांशी नाते जोडले, आणि त्यातून नवा युरोप घडला. तसेच आता धर्मसंस्थेने राजेरजवाड्यांना सोडून सामान्य जनतेकडे वळावे, एवढाच त्याचा अर्थ. जर्मन टोळ्यांच्या इतिहासावर तो तेव्हा लिहीतच होता.

२५/ २४ फेब्रुवारीला लुई फिलिपने गादी सोडली. प्रजासत्ताक आले, सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला. ओझानामने लाकोर्देअर आणि मारे यांच्यासह ‘एर नुव्हेल’, म्हणजे ‘नवे युग’, हे वृत्तपत्र काढले, निवडणूक लढवली आणि ती हरला. बेकारांसाठी सरकारने उघडलेल्या राष्ट्रीय कार्यशाळांत लाखाहून अधिक कामगार नोंदले गेले होते. जूनमध्ये त्या बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २३ जूनला पॅरिसच्या पूर्व भागात रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभे राहिले.

२६/ या चार दिवसांत ओझानाम कुठे होता? राष्ट्रीय रक्षकदलाच्या गणवेशात, हाती बंदूक घेऊन, सरकारच्या बाजूला. पंधरा वर्षे ज्यांच्या खोल्यांत तो बसला होता, त्याच वस्त्यांतली माणसे अडथळ्यांच्या पलीकडे होती. ‘त्यांच्या बाजूला जाऊ या’ असे लिहून जेमतेम चार महिने झाले होते. त्याच्या चरित्रातील ही जागा भक्तिपर पुस्तके घाईने ओलांडतात. ओलांडू नये. प्रजासत्ताक मोडू नये असे त्याला मनापासून वाटत होते, आणि बंडखोरांची भूक खरी आहे हेही त्याला ठाऊक होते. या दोन्हींना एकत्र धरून ठेवील अशी जागा त्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर नव्हती.

२७/ २५ जूनला बायी आणि कॉर्न्युदे हे दोन सहकारी त्याच्याकडे आले. आर्चबिशप आफ्र यांनी मध्यस्थी केली तर रक्तपात थांबेल का, असा विचार होता. तिघे आर्चबिशपांकडे गेले. ते तयार झाले. सेनापती काव्हेन्याक यांची परवानगी मिळाली. सोबत येण्याची ओझानामची इच्छा आर्चबिशपांनी नाकारली, कारण गणवेशातली माणसे पाहून पलीकडे संशय येईल. संध्याकाळी बास्तीयच्या चौकातील अडथळ्यापाशी ते पोहोचले, गोळीबार थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. त्यांना गोळी लागली. २७ जूनला ते वारले. गोळी कोणत्या बाजूची, याचा वाद मिटला नाही. हा सल्ला आपणच दिला, याचे ओझे ओझानामने पुढे वाहिले.

२८/ त्याच दिवसांत मुफतारमध्ये रक्षकदलाचा एक अधिकारी जीव वाचवण्यासाठी सिस्टर रोझालींच्या घरात शिरला. पाठोपाठ बंडखोर. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. आणि ते ऐकत नाहीत असे दिसताच त्यांच्यापुढे गुडघे टेकून, इतकी वर्षे तुमच्या घरांसाठी जे केले त्याची आठवण ठेवा, अशी विनवणी केली. बंदुका खाली झाल्या. नंतर सरकारी धरपकड सुरू झाली तेव्हा बंडखोरांना वाचवायलाही त्याच धावल्या. दोन्ही बाजूंना उंबरठा खुला ठेवण्याचे त्यांना जमले, ओझानामला नाही. फरक कदाचित एवढाच असेल, की तो भेटीला जात असे आणि त्या तिथे राहत होत्या.

२९/ जून संपल्यावर हजारो मृत, हजारो कैदेत, आणि पॅरिसच्या सभ्य वस्त्यांत सूडाची भाषा. अशा वेळी ओझानामने ‘एर नुव्हेल’मध्ये त्याच वस्त्यांविषयी लेख लिहिले. तळघरांत आणि पोटमाळ्यांवर फिरून, खोलीची लांबी-रुंदी, झोपण्याचा पेंढा, काम सुटल्याला किती दिवस झाले, असे तपशील देत. धर्मगुरू, श्रीमंत आणि लोकप्रतिनिधी अशा तिघांनाही त्याने स्वतंत्रपणे उद्देशले: बंड मोडले, पण ज्यामुळे ते झाले ती गरिबी आहे तिथेच आहे. त्याच्याच धर्मबांधवांतील अनेकांना ही समाजवाद्याची भाषा वाटली. १८४९ मध्ये वृत्तपत्र हातचे गेले.

३०/ दानाविषयीही त्याचे मत स्पष्ट होते. दान म्हणजे जखमेवर मलम घालणारा वाटसरू. पण जखमा होऊच नयेत हे पाहणे न्यायाचे काम, अशा आशयाचे तो लिहीत असे. बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टांताचा हा पुढचा भाग म्हणता येईल. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. न्याय्य मजुरीचा त्यातला विचार ओझानामच्या लिआँमधील वर्गात पन्नास वर्षे आधी मांडला गेला होता.

३१/ ८ सप्टेंबर १८५३ रोजी, इटलीतून परतताना मार्सेय येथे, वयाच्या ४० व्या वर्षी तो वारला. सिस्टर रोझाली ७ फेब्रुवारी १८५६ ला गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला मुफतार लोटले होते. ओझानामनंतर संस्थापक नेमका कोण, बायी की ओझानाम, यावर वृत्तपत्री वाद झाला आणि जुन्या सभासदांना आपापल्या आठवणी लिहून काढाव्या लागल्या. नावापुढे श्रेय नको म्हणणाऱ्या मंडळींवर ही वेळ यावी, हे विनोदी खरेच. पण त्या भांडणामुळे आज पहिल्या बैठकीचे तपशील हाती आहेत. इतिहासाचा पुष्कळसा ऐवज असाच भांडणांतून शिल्लक राहतो.

३२/ सत्ताधाऱ्यांना ही मंडळी नेहमी रुचली असे नाही. १८६१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या गृहमंत्र्याने संस्थेच्या मध्यवर्ती मंडळावर घाला घातला: सरकारच्या देखरेखीबाहेरचे एवढे मोठे जाळे नको होते. शाखा स्थानिक असल्याने टिकल्या. स्त्रियांना मात्र मूळ संस्थेत जागा नव्हती. १८५६ मध्ये बोलोन्या येथे त्यांनी स्वतंत्र मंडळे सुरू केली आणि दोन्ही एकत्र यायला १९६० चे दशक उजाडावे लागले. ज्या संस्थेला पहिली यादी एका स्त्रीने दिली, तिची ही गोष्ट.

३३/ पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी, जागतिक युवा मेळाव्याच्या वेळी, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ओझानामला धन्यवादित घोषित केले. सिस्टर रोझालींना २००३ मध्ये. संस्था आज सुमारे दीडशे देशांत आहे. मुंबई, वसई आणि गोव्यातल्या अनेक धर्मग्रामांत तिचे काम चालते: एखाद्या विधवेचे भाडे, मुलाची शाळेची फी, म्हाताऱ्याची औषधे, आणि आठवड्यातून घरी जाऊन विचारपूस.

३४/ एक शब्द राहिला. या संस्थेच्या प्रत्येक स्थानिक शाखेला आजही ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. अनेकांना वाटते की तो इंग्रजीतला बैठकीचा शब्द असावा. तो त्या मूळ इतिहास मंडळाचा आहे. फ्रेंचमध्ये त्याचे नाव ‘काँफेराँस दिस्त्वार’. पहिल्या सहा जणांनी त्यातला ‘इतिहास’ काढून ‘सेवा’ घातली आणि पहिला शब्द तसाच ठेवला. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या चर्चच्या मागच्या खोलीत संध्याकाळी आठ-दहा माणसे वही उघडून बसतात, या आठवड्यात कोणाच्या घरी कोणी जायचे ते ठरवतात, आणि उठण्यापूर्वी कापडी पिशवी फिरवतात, तेव्हा ती बैठक अजूनही त्या वादमंडळाच्याच नावाने भरलेली असते.

(थ्रेड समाप्त)